पाश्चात्य वाद्यवृंद: तुमचे आवडते रचनाकार कोण, आणि ऐकताना कान कुठे ठेवायचा?

गोदाकाठ (नांदेड)

नमस्कार मंडळी. सिंफनी (पाश्चात्य वाद्यवृंदाची अनेक भागांची मोठी रचना) आवडीने ऐकणारी माणसं मराठवाड्यात आहेत, पण विखुरलेली आहेत. कुणी नांदेडात, कुणी परभणीत, कुणी अंबाजोगाईत. एकमेकांशी बोलायला जागा हवी म्हणून हा धागा.

आवडत्या रचनाकाराचं नाव लिहाच, पण तेवढ्यावर थांबू नका. कुठली रचना, तिच्यातली कुठली जागा, पहिल्यांदा ऐकणारा कुठे चुकतो आणि का, हे सगळं येऊ द्या. नुसतं "अप्रतिम, जरूर ऐका" वाचून नवीन माणसाच्या हाती काही लागत नाही.

सुरुवात मी करतो. योहानेस ब्राम्स, चौथी सिंफनी, ई मायनर (कोमल गंधाराची पट्टी), ओपस (रचना क्रमांक) ९८, साल १८८५. तिची शेवटची मूव्हमेंट (म्हणजे सिंफनीचा एक भाग) माझ्या मते वाद्यवृंदाच्या संगीतातलं सर्वांत मजबूत बांधकाम आहे. पेटीवरच्या पांढरी तीनला (म्हणजे ईला) सा धरा आणि हे स्वर गुणगुणून घ्या: सा, रे, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, प, खालचा प, सा. आठ स्वर, आठ बार (मात्रांचे गट), दर बारात तीन मात्रा. म्हणजे चोवीस मात्रांचं एक आवर्तन झालं. बाखच्या एका कँटाटातली (वाद्यांसह गायची रचना, बाखच्या बीडब्ल्यूव्ही सूचीत १५०) बेसची ओळ थोडी बदलून ब्राम्सने ही घेतली. एकदा ती मूळ रूपात वाजते, त्यानंतर तिच्यावर तीस व्हेरिएशन्स (बदलती रूपं) आणि शेवटी कोडा (समारोप). दर वेळी वर नवीन काहीतरी घडत असतं, पण आठ बारांची चौकट मोडत नाही.

मोजताना सगळे एकाच ठिकाणी घसरतात, बाराव्या व्हेरिएशनला. तिथे बासरी एकटी गायला लागते आणि बार दुप्पट लांब होतो. मात्रा मोजत बसलात तर सम हातून गेलीच. म्हणून आधीपासून मात्रा सोडा आणि बार मोजा, बोटांच्या पेरांवर, आठापर्यंत. बासरी संपली की मायनरचं मेजर (शुद्ध गंधाराचं) होतं, आणि १४व्या व्हेरिएशनला ट्रॉम्बोन येतात, अगदी हळू, प्रार्थनेसारखे. पहिल्या तिन्ही मूव्हमेंट ट्रॉम्बोनवाले वाद्य मांडीवर घेऊन गप्प बसलेले असतात. १६व्याला पुन्हा मूळ लय आणि मूळ ओळ, पूर्ण ताकदीने.

ध्वनिमुद्रण: संचालक कार्लोस क्लायबर, व्हिएन्ना फिलहार्मोनिक, १९८०. लय कुठे ढिली पडत नाही, त्यामुळे मोजायला सोपं जातं.

सीताफळ (बालाघाट)

वाखू (वाचनखूण) साठवली. बार मोजायची युक्ती कामाची आहे. हायडनवर सविस्तर लिहिते, संध्याकाळी.

मांजरातीर (लातूर)

ब्राम्स उत्तमच, पण नवीन माणसाला थेट तिथे नेऊ नये. आपला कान रागदारीवर तयार झालेला असेल तर माझं मत राव्हेलच्या बोलेरोला. १९२८ची रचना, साधारण पंधरा मिनिटं. सा पांढरी एक, आणि तो जवळजवळ शेवटपर्यंत जागचा हलत नाही. खाली स्नेअर ड्रमचा ठेका, दोन बारांचा, म्हणजे सहा मात्रांचा. त्यात चोवीस आघात आहेत, आणि हा ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत १६९ वेळा वाजतो. वर फक्त दोन सुरावटी. पहिली सरळ शुद्ध स्वरांची, दुसरीत कोमल नि, कोमल ध, कोमल रे येतात. विस्तार नाही, तानबाजी नाही. बदलतात ती फक्त वाद्यं. बासरी, क्लॅरिनेट, बसून (खालच्या सुराचं लाकडी फुंकेचं वाद्य), मग छोटं ई-फ्लॅट क्लॅरिनेट, मग ओबो दामोरे (ओबो या सनईसारख्या वाद्याचा खालच्या सुराचा प्रकार), असं एकेक करत. व्हायोलिनच्या हाती सुरावट यायला तेराव्या फेरीची वाट पाहावी लागते. वाद्यांचे आवाज ओळखायला शिकण्यासाठी याच्याइतकी सोयीची रचना दुसरी सापडायची नाही.

नवव्या फेरीकडे नीट लक्ष द्या. पंधरा मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात ती साडेसहा मिनिटांच्या आसपास येते. हॉर्न सुरावट वाजवतो, सेलेस्टा (घंटांसारखा आवाज देणारं पट्ट्यांचं वाद्य) तीच वरच्या सप्तकांत, आणि दोन पिकोलो (छोट्या बासऱ्या) तीच सुरावट वेगळ्या पट्टीत वाजवतात: एक पांढरी पाचमधून, दुसरा पांढरी तीनमधून. कागदावर हे बेसूर दिसतं. पण तानपुऱ्याच्या खरजातून स्वयंभू गंधार ऐकू येतो ना, तोच हा हिशोब आहे. सा च्या पोटात वरचा पंचम आणि वरचा गंधार असतातच. राव्हेलने ते दोन पिकोलोंकडून प्रत्यक्ष वाजवून घेतले. हॉर्न ठळक आणि पिकोलो अगदी हलके असतील तर चारही वाद्यं एकजीव होऊन ऑर्गनसारखा आवाज येतो, कुठलं वाद्य वाजतंय हे कळतच नाही. पिकोलोवाल्यांनी जोर लावला की ते सुटे पडतात आणि कानाला टोचतात. वाद्यवृंद किती तयारीचा आहे ते याच जागी कळतं.

आवाज किती ठेवायचा यात सगळे फसतात. सुरुवातीचा ड्रम जेमतेम ऐकू येतो म्हणून आवाज वाढवला की बाराव्या मिनिटाला कान बधिर. आधी शेवटचं मिनिट लावा, तिथे कानाला बरं वाटेल इतका आवाज ठेवा, आणि मग पहिल्यापासून सुरू करा. नंतर बटणाला हात नको.

हलगीवाला (धाराशिव)

मी हिंदुस्थानी ऐकणारा माणूस. बोलेरो ठीक आहे, पण बेथोव्हनची पाचवी लावली की दोन मिनिटांत सा हरवायलाय. राग कुठला म्हणावा, कळंना. तानपुरा ॲप लावून ऐकून बघितलं तर आणखीच बिघडायलंय. काय करावं?

गोदाकाठ (नांदेड)

हलगीवालेभाऊ, तानपुरा आधी बंद करा. या संगीतात रचनाकार सा मुद्दाम हलवतो, आणि तो कुठून कुठे गेला हेच ऐकायचं असतं. स्थिर षड्ज खाली चालू ठेवलात तर दर वळणावर भांडण होणारच.

पाचवी सिंफनी, ओपस ६७. पहिली मूव्हमेंट सी मायनर, सा पांढरी एक. ते प्रसिद्ध चार स्वर तुम्हाला माहीत आहेतच. त्यांच्या आधी आठव्या भागाची एक विश्रांती लिहिलेली आहे, म्हणजे वाद्यवृंद श्वास घेऊन उडी मारतो. पाऊण मिनिटाच्या आसपास हॉर्न एकटे हाक देतात. तिथे थांबा आणि पेटीवर काळी दोन दाबा. आता हा नवा सा. जुन्या सा चा कोमल ग होता, तोच आता घरमालक झाला. पुढची सुरावट गोड आणि मोकळी वाटते ती त्यामुळे. पुढे मधल्या भागात सा भटकतो, तिथे शोधू नका, नुसतं वाहत जा. पहिले चार स्वर पुन्हा पूर्ण ताकदीने आले की पांढरी एकवर परत आलात म्हणून समजा. त्यानंतर लगेच ओबो एकटा दोन ओळींचा आलाप घेतो, सगळा वाद्यवृंद थांबलेला असतो. ती जागा सोडू नका.

दुसऱ्यांदा ती हॉर्नची हाक येते तेव्हा बेथोव्हनने ती बसूनला दिली आहे. त्या काळच्या हॉर्नना व्हॉल्व्ह नव्हते. नळी काळी दोनच्या पट्टीची बसवलेली, हाक हवी पांढरी एकच्या पट्टीत, आणि नळी बदलायला मध्ये वेळ नाही. पुढे व्हॉल्व्ह आल्यावर पुष्कळ संचालकांनी ती हाक परत हॉर्नला दिली. तुमच्या ध्वनिमुद्रणात कोण वाजवतंय ते पाहा. बसूनचा आवाज तिथे थोडा कोरडा लागतो, पण मला तोच आवडतो.

देवगिरी_पायथा (छत्रपती संभाजीनगर)

रचनांवर जाणकार लिहीत आहेतच, मी ऐकायच्या साधनांवर लिहितो. निम्म्या लोकांना सिंफनी आवडत नाही कारण त्यांना ती पूर्ण ऐकूच आलेली नसते.

मोबाईलचा स्पीकर साधारण दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाही. आता वाद्यांचे सर्वांत खालचे स्वर बघा: व्हायोलिन १९६ हर्ट्झ, चेलो ६५, डबल बेस ४१. म्हणजे मोबाईलवर खालची अर्धी इमारत गायब. ब्राम्सची ती आठ स्वरांची ओळ बेसमध्ये जाते तेव्हा तुम्हाला वरची नक्षी तेवढी ऐकू येते आणि माणूस म्हणतो, यात काही धड नाही. साधे तारेचे हेडफोन चालतील, पण कान पूर्ण झाकणारे घ्या.

ॲपमध्ये तीन गोष्टी तपासा. क्रॉसफेड (एक ट्रॅक संपताना पुढचा त्यात मिसळणं) बंद. सिबेलियसची पाचवी सिंफनी (ओपस ८२) सहा सुट्या आघातांवर संपते, मध्ये लांब शांतता. क्रॉसफेड चालू असेल तर पुढचं गाणं त्या शांततेत घुसतं आणि शेवटच मारला जातो. गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये खंड न पडणं) चालू. बेथोव्हनच्या पाचवीत तिसरी आणि चौथी मूव्हमेंट जोडलेल्या आहेत. तार-वाद्यं एक स्वर धरून बसतात, टिंपनी (मोठे नगारे) हळूच ठोके देत राहते, पन्नासेक बार हेच, शेवटच्या आठेक बारांत आवाज फुगत जातो आणि लख्ख सी मेजर उघडतो. ट्रॉम्बोन, पिकोलो, काँट्राबसून हे सगळे तिथे पहिल्यांदा वाजतात. ट्रॅक बदलताना अर्ध्या सेकंदाची खाच पडली तरी त्या उघडण्याचा जीव जातो. तिसरी गोष्ट, आवाज समान करायची सोय. ती प्रत्येक ट्रॅकला वेगळी लागली तर हळू मूव्हमेंट उगाच मोठी होते. बंदच ठेवा. आणि शफल बंद, हे सांगायला नको.

शोधताना नाव आणि ओपस दोन्ही टाका. मोत्सार्टला के क्रमांक, बाखला बीडब्ल्यूव्ही. नुसतं "सिंफनी नंबर पाच" टाकलंत तर चायकोव्हस्की, माहलर, शोस्ताकोविच सगळ्यांची पाचवी पुढ्यात येईल.

डेटा मोजणाऱ्यांसाठी: ३२० केबीपीएसला तासाला १४४ एमबी. एक सिंफनी साधारण ७५ ते १०० एमबी. वाय-फायवर आधीच उतरवून ठेवा.

आणि आपला कूलर. एप्रिल-मेमध्ये कूलर चालू असेल तर पहिल्या दर्जाचं ध्वनिमुद्रणसुद्धा अर्धंच पोहोचतं, कारण पंख्याची घरघर नेमकी चेलो-बेसच्या पट्ट्यात बसते. उन्हाळ्यात पहाटे ऐका. तेव्हा कूलर बंद ठेवता येतो आणि रस्त्यावरही शांतता असते.

परभणीची_पेटी

शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा. हळू जागा ऐकायला आवाज वाढवत नेणं हा रोग आहे, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा खोलीतच असतं.

सीताफळ (बालाघाट)

लिहायचं म्हटलं होतं, लिहिते. योझेफ हायडन. क्रमांक दिलेल्या १०४ सिंफन्या. लोक त्याला मोत्सार्ट-बेथोव्हनच्या आधीची पायरी म्हणून ओलांडतात, याचा मला खरंच राग येतो. छोटा वाद्यवृंद, स्वच्छ मांडणी, आणि दर मिनिटाला काहीतरी अनपेक्षित.

४५वी घ्या, १७७२. दोन ओबो, एक बसून, दोन हॉर्न आणि तार-वाद्यं, बस्स. एवढ्या कमी वाद्यांत प्रत्येकाचा आवाज वेगळा काढता येतो. हायडनचा आश्रयदाता प्रिन्स एस्टरहाझी याने उन्हाळी महालातला मुक्काम लांबवला, वादक कुटुंबांपासून दूर अडकले. हायडनने शेवटची मूव्हमेंट जोरात सुरू केली, मध्येच थांबवली आणि एक हळू भाग जोडला. त्यात एकेक वादक आपली ओळ संपवून उठून जातो. ओबो, हॉर्न, बसून, डबल बेस, चेलो, असे. शेवटी दोन व्हायोलिन उरतात, म्यूट (आवाज दबवणारा चिमटा) लावलेले. प्रिन्सला निरोप समजला. डोळे मिटून ऐकताना कोण गेलं हे मोजा. डबल बेस जाण्याआधी त्याला एक मोठी एकल जागा आहे, ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

हलगीवाल्यांसाठी खास: १०४वी, डी मेजर, १७९५, शेवटची मूव्हमेंट. हॉर्न आणि चेलो पांढरी दोनचा सा धरून ठेवतात आणि वर लोकगीताच्या वळणाची सुरावट येते. तुम्हाला हवा असलेला तानपुरा इथे वाद्यवृंदातच आहे.

९०वीचा शेवट मात्र जपून. सगळं संपल्यासारखा दणदणीत शेवट होतो, चार बार पूर्ण शांतता, आणि मग संगीत अर्धा स्वर वर जाऊन पुन्हा सुरू. सभागृहात लोक हमखास टाळ्या वाजवतात.

मांजरातीर (लातूर)

सीताफळताई, +१. ९०वीची ती जागा क्रॉसफेडवाल्यांना आणखी गोंधळात टाकेल.

पैठणी_काठ (पैठण)

मोत्सार्टची ४०वी (के ५५०, १७८८) कुणी लिहिली नाही अजून? आपल्याकडे तर ती ओळखीची सुरावट. सलिल चौधरींनी १९६१च्या 'छाया'मध्ये तिच्यावरूनच गाणं बांधलं. पण मूळ ऐकताना व्हायोलिनच्या आधी व्हायोला ऐका. सुरावट सुरू होण्याआधी पाऊण बार नुसते व्हायोला धडधडत असतात. हिच्या दोन आवृत्त्या आहेत, दुसरीत मोत्सार्टने क्लॅरिनेट घातले. ध्वनिमुद्रणात क्लॅरिनेट ऐकू आले तर दुसरी. ट्रम्पेट आणि टिंपनी दोन्हींत नाहीत, म्हणून रंग असा सावळा राहतो.

द्वोर्झाकची नववी पण यादीत हवी. न्यूयॉर्क, १८९३. दुसऱ्या मूव्हमेंटमधली कोर आंग्लेची (ओबोच्या जातीचं, खालच्या सुराचं वाद्य) सुरावट सगळ्यांना माहीत असते. ट्यूबावाला मात्र त्या एकाच मूव्हमेंटमध्ये वाजवतो, आणि झांजवाल्याला अख्ख्या सिंफनीत एकच आघात आहे, शेवटच्या मूव्हमेंटमध्ये.

देवगिरी_पायथा (छत्रपती संभाजीनगर)

चायकोव्हस्कीची सहावी, बी मायनर, ओपस ७४. २८ ऑक्टोबर १८९३ला पहिला प्रयोग, नऊ दिवसांनी चायकोव्हस्की गेला. दुसरी मूव्हमेंट पाच मात्रांची आहे, तरी वॉल्ट्झसारखी डुलते. पण लिहायचं आहे ते शेवटच्या मूव्हमेंटच्या पहिल्या ओळीबद्दल.

ऐकताना एक उतरती, रडवेली सुरावट ऐकू येते. स्कोअरमध्ये (सगळ्या वाद्यांच्या एकत्र स्वरलिपीत) ती कुणाकडेच नाही. पहिल्या व्हायोलिनकडे तिचा एक स्वर, दुसऱ्या व्हायोलिनकडे पुढचा, परत पहिल्यांकडे, असं आलटून पालटून. दोघांच्याही ओळी सुट्या वाजवल्या तर वेड्यावाकड्या उड्या ऐकू येतात. सुरावट जुळते ती ऐकणाऱ्याच्या कानात. पुढे तीच सुरावट परत येते तेव्हा पहिल्या व्हायोलिनकडे ती सलग दिलेली आहे, म्हणून दुसऱ्यांदा ती वेगळी, जास्त थेट वाटते.

हे कळायला बैठक महत्त्वाची. आज बहुतेक ठिकाणी पहिले-दुसरे व्हायोलिन डावीकडे शेजारी बसवतात. त्या बैठकीत हा खेळ विरून जातो. जुन्या पद्धतीत पहिले डावीकडे, दुसरे उजवीकडे. संचालक म्राविन्स्की आणि लेनिनग्राड फिलहार्मोनिकचं १९६०चं ध्वनिमुद्रण हेडफोनवर लावा, स्वर एका कानातून दुसऱ्या कानात जाताना ऐकू येतील. एका ब्लूटूथ स्पीकरवर हे मिळणार नाही, तिथे डावं-उजवं एकत्र होतं.

हलगीवाला (धाराशिव)

लावलं. दोन्ही कानांत वेगवेगळं ऐकू यायलंय. लई भारी. आणि हायडनच्या १०४वीतला सा पक्का सापडला, सीताफळताई.

बँडवाला_जालना

आमचं लग्नाचं बँड पथक. पोरांना नोटेशन थोडंफार येतं. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, युफोनियम, ड्रम सगळं आहे. तार-वाद्यं नाहीत. मग सिंफनी आमच्या कामाची आहे का? पोरांना काय ऐकवावं, काय वाजवायला द्यावं?

परभणीची_पेटी

अवश्य आहे, आणि तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलेलं संगीतही आहे. ऐकायला आधी मोत्सार्टची ग्रान पार्टिटा, के ३६१: बारा फुंकेची वाद्यं आणि एक डबल बेस. तिसरी मूव्हमेंट, अदाजिओ. ओबो, क्लॅरिनेट आणि बासेट हॉर्न (क्लॅरिनेटचाच खालच्या सुराचा प्रकार) एकमेकांच्या हातातून सुरावट घेतात. मग द्वोर्झाकची सेरेनेड, ओपस ४४.

वाजवायला गुस्ताव होल्स्टचा मिलिटरी बँडसाठीचा पहिला सुइट (छोट्या भागांची मालिका), ई-फ्लॅट, १९०९. पहिली मूव्हमेंट शकॉन आहे, म्हणजे वर गोदाकाठांनी ब्राम्सचं जे सांगितलं तीच रीत. आठ बारांची ओळ, सुरुवातीला युफोनियम आणि ट्यूबा, मग सगळ्यांच्या हातून फिरते. होल्स्टने बरीच वाद्यं ऐच्छिक ठेवली आहेत, त्यामुळे पथक लहान असलं तरी उभं राहतं. रचनाकार १९३४ला गेला. आपल्याकडे मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, म्हणून जुन्या आवृत्तीचे पार्ट्स (प्रत्येक वाद्याचे सुटे कागद) आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या संकेतस्थळावरून उतरवून छापायला हरकत नाही.

काय बिघडतं ते सांगतो. पार्ट वाटताना पट्टी जुळवत बसू नका. बी-फ्लॅट क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटच्या कागदावर सी लिहिला की काळी पाच वाजते, आणि छापील पार्टमध्ये तो हिशोब आधीच केलेला असतो. "पेटीला जुळत नाही" म्हणून कुणी आपल्या मनाने स्वर बदलले की सगळं कोसळतं.

दुसरं, उन्हाळ्याची दुपार. गरम हवेत फुंकेच्या वाद्यांचा सूर चढतो. थंड वाद्य लावून सूर मिळवला आणि मांडवात गेलं की दहा मिनिटांत सगळे चढलेले, आणि प्रत्येक वाद्य वेगळ्या प्रमाणात. म्हणून आधी दहा मिनिटं फुंकून वाद्य गरम करा, मग सूर मिळवा. क्लॅरिनेट चढत असेल तर बॅरल (तोंडाकडच्या भागाखालचा तुकडा) एक-दोन मिलिमीटर बाहेर ओढा, ट्रम्पेटची ट्यूनिंग स्लाइड तशीच. ओठ ढिले सोडून सूर उतरवू नका, आवाज मरतो.

तिसरं आणि सर्वांत अवघड, हळू वाजवणं. वरातीत सगळं मोठ्याने वाजवायची सवय असते. शकॉनची पहिली आठ बारं युफोनियमवाल्याकडून शांतपणे, एका श्वासात चार बार अशी बसवून घ्या. ती बसली की पुढचं अर्धं काम झालं.

बँडवाला_जालना

पेटीदादा, मनापासून आभार. पार्ट्स उतरवायलोय.

सीताफळ (बालाघाट)

व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांचे पालक इथे असतील तर एक विचारते. बसून वाजवायची आपली पद्धत शिकलेल्या मुलीला वाद्यवृंदाचं वादन शिकायचं तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते का? आणि उन्हाळ्यात वाद्य सारखं उतरतं, त्याचं काय?

मांजरातीर (लातूर)

कान आणि गजाचा हात कामाला येतो, बाकी पुष्कळ बदलतं. तारा खालून वर अशा: पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. सा-प-सा-प नाही, आणि पट्टी गायकाप्रमाणे बदलायची नाही. पांढरी सहा ४४० हर्ट्झला, तिच्यावर बाकीच्या. वाद्य हनुवटी आणि खांद्यात धरायचं, म्हणजे डावा हात मोकळा राहून पोझिशन बदलता येते. मींड घेत स्वर गाठायची सवय इथे मोडावी लागते. सोळा जण एकच ओळ वाजवत असताना एकाने मींड घेतली तर ती लगेच उघडी पडते.

उन्हाळ्याचं कारण लाकडात आहे. हवा कोरडी झाली की खुंट्या आकसतात आणि सुटतात. दोन-तीन तारा एकदम ढिल्या पडल्या की घोडी आडवी होते, आणि तारांचा दाब गेला की आतला साउंडपोस्टही (वरच्या आणि खालच्या फळीमधली काठी) पडू शकतो. तो पडला तर तारा चढवू नका, वरची फळी फुटते. सरळ कारागिराकडे न्या. खुंटी सुटत असेल तर पेग पेस्ट लावा आणि फिरवताना आत दाबून फिरवा. पावसाळ्यात उलट, लाकूड फुगून खुंटी अडकते, तेव्हा जोर करू नका. खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्के असेल तर वाद्य सुखात राहतं. छोटा आर्द्रतामापक वाद्याच्या पेटीत ठेवा. कूलरच्या थेट झोतात वाद्य ठेवू नका, ओली हवा आणि कोरडी हवा यांच्यात रोज हेलपाटे घातले की सांधे उघडतात.

गजाचे केस वाजवून झाल्यावर ढिले करायचेच. कोरड्या हवेत केस आकसतात, ताणलेला गज रात्रभर राहिला तर टोक मोडू शकतं.

आणि एसटीच्या डिकीत किंवा उन्हातल्या गाडीत व्हायोलिन कधीच नाही. सांधे सरसाने चिकटवलेले असतात. उष्णतेने सरस मऊ पडतो, मान सुटते. राळही वितळून पेटीभर होते. वाद्य मांडीवर घेऊन बसा.

पैठणी_काठ (पैठण)

स्कोअर समोर ठेवून ऐकायचं असेल तर सुरुवात कुठून करावी? आयएमएसएलपीवर पीडीएफ उघडल्यावर एका पानावर वीस ओळी, डोळे गरगरतात.

गोदाकाठ (नांदेड)

सगळ्या ओळी कुणीच एकदम वाचत नाही. वरून खाली क्रम ठरलेला असतो: लाकडी फुंकेची वाद्यं, मग पितळी, मग टिंपनी आणि तालवाद्यं, सगळ्यात खाली तार-वाद्यं. खालून मोजत पाचव्या ओळीवर बहुधा पहिलं व्हायोलिन असतं, बोट तिथे ठेवा आणि चालत राहा. तिथे विश्रांतीची चिन्हं आली की नजर पानाच्या वरच्या टोकाला न्या, सुरावट बहुतेक बासरी किंवा ओबोकडे गेलेली असते.

हरवायची जागा ठरलेली आहे. छापणारे कागद वाचवायला रिकाम्या ओळी गाळतात, त्यामुळे एका पानावर दोन-तीन पट्टे बसतात आणि त्यांच्यामध्ये दोन जाड तिरप्या रेघा असतात. त्या रेघा दिसल्या नाहीत तर तुम्ही खालचा पट्टा वरच्याबरोबरच वाजतोय असं धरून चालता. पान उलटलं की आधी रेघा शोधायच्या. व्हायोलाची क्लेफ (ओळीवरच्या स्वरांची जागा ठरवणारं चिन्ह) वेगळी, हॉर्न लिहिल्यापेक्षा पाच स्वर खाली वाजतो, हे पहिल्या महिन्यात सोडून द्या. पहिला स्कोअर हायडनचा घ्या, ४५वीच घ्या. ओळी कमी आहेत. मोबाईलवर नको, निदान टॅब हवा.

परभणीची_पेटी

जाता जाता एक नाव: लुईझ फारेंक. १८४२ ते १८७३ पॅरिस काँझर्व्हातुआरमध्ये पियानोची प्राध्यापक. तीन सिंफन्या. तिसरी, जी मायनर, १८४७. तिचा स्केर्झो (जलद मूव्हमेंट) ऐका, तार-वाद्यं आणि फुंकेची वाद्यं अशी धावतात की दम लागावा. बेथोव्हन आवडणाऱ्याला ही आवडणारच.

हलगीवाला (धाराशिव)

प्रत्यक्ष ऐकायचं असंल तर मुंबईच का?

देवगिरी_पायथा (छत्रपती संभाजीनगर)

पूर्ण वाद्यवृंदासाठी आपल्याला जवळचं ठिकाण तेच. नरिमन पॉइंटला एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स), तिथला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६पासून आहे. सीझन बहुधा फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमारास असतो, कार्यक्रम संकेतस्थळावर आधी लागतात. कुठल्या रचना आहेत ते पाहून महिनाभर त्याच ऐकून जा. पहिल्या रांगेचं तिकीट घेऊ नका, तिथे पुढची तार-वाद्यं तेवढी ऐकू येतात आणि मागची फुंकेची वाद्यं त्यांच्या आड जातात. बाल्कनीची पुढची रांग चांगली, आवाज मिसळून येतो आणि कोण वाजवतंय ते वरून दिसतं.

टाळ्या मूव्हमेंटच्या मध्ये नाही, रचना संपल्यावर. चायकोव्हस्कीची सहावी असेल तर विशेष सांभाळा. तिसरी मूव्हमेंट इतकी धडाक्यात संपते की हात आपोआप उठतात, आणि खरा शेवट अजून बाकी असतो. संचालकाचे हात खाली आले की मग वाजवा.

परतीच्या देवगिरी एक्स्प्रेसचं तिकीट त्याच रात्रीचं काढणार असाल तर आधी वेळ जुळवून बघा. कार्यक्रम संध्याकाळी असतो, मध्यांतर धरून दोन तास सहज जातात, आणि नरिमन पॉइंटहून सीएसएमटी गाठायला टॅक्सी मिळण्यातही वेळ मोडतो. नाहीच जमलं तर दुसऱ्या दिवशीची तपोवन.

हलगीवाला (धाराशिव)

बरं. पुढच्या सीझनचे कार्यक्रम लागले की इथंच टाका. ब्राम्सची चौथी असंल तर दोन तिकिटं माझी धरा.